थापेला न भुलणारा

पोकरमध्ये एका जातीचा खेळाडू असतो, त्याच्यापुढे कुणाची थाप चालत नाही. तो फार हुशार असतो असं नाही, त्याचं तुमच्याकडे लक्षच नसतं. हातात कसलीही पानं येवोत, तो डावात उतरतो. स्वतःहून पैसे वाढवत नाही, पण तुम्ही वाढवलेत की निमूटपणे कॉल करतो, म्हणजे तेवढेच पैसे भरतो. पुस्तकात त्याला लूज-पॅसिव्ह म्हणतात. माझा भाचा त्याला ‘बघ्या’ म्हणतो.

मी सायखेड्याच्या उपबाजारात कांद्याच्या एका व्यापाऱ्याकडे हिशोब लिहितो. भाचा पुण्याला नोकरीत असताना फोनवर पैसे लावून पोकर खेळायचा आणि सुट्टीला आला की ओट्यावर बसून मला डाव समजावून सांगायचा. त्यातला एक डाव पक्का लक्षात आहे. भाच्याकडे इस्पिकचे राजा आणि गुलाम. मधली पानं उघडली: इस्पिकची नव्वी, इस्पिकची चौकी, बदामची राणी. आणखी एक इस्पिक आलं तर फ्लश, दश्शी आली तर ओळ. आली चौकटची दुर्री आणि किल्वरची सत्ती. हाती भोपळा. पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, २०० रुपये होते, यानं १०० लावले, जणू राणीची जोडी लागलीय. समोरच्याकडे चौकी-पंजी, म्हणजे जेमतेम चौक्यांची जोडी. तेवढ्यावर त्यानं कॉल केला आणि सगळा पॉट घेऊन गेला.

भाचा उखडला. “मामा, या येड्याला कळायला नको का, माझ्याकडे राणी आहे म्हणून?”

“पण राणी नव्हतीच की तुझ्याकडे.”

“ते त्याला काय माहीत!”

मला हसू आलं, पण नंतर ही तक्रार डोक्यातून जाईना. थाप मारणाऱ्याचं म्हणणं काय, तर समोरच्यानं आपलं बोलणं नीट ऐकून घेतलं नाही. त्यानं विचार करावा, मागच्या तीन बोली आठवाव्यात, आपल्याला मान द्यावा आणि मग फसावं. इतका सभ्य श्रोता खरं बोलणाऱ्यालासुद्धा लागत नाही. खरं आहे ते पानं उघडली की दिसतंच.

हिशोब तर सरळ आहे. २०० च्या पॉटवर १०० ची थाप मारायची तर समोरच्यानं तिनांतून एकदा तरी पानं टाकून डाव सोडायला हवा, तेव्हा कुठे बरोबरी होते. बघ्या पाचांतून एकदा टाकतो असं धरा. एकदा २०० मिळाले, चारदा शंभर-शंभर गेले, पाच थापांमागे २०० रुपयांचा खड्डा. म्हणून जाणते खेळाडू सांगतात, याच्यापुढे थाप मारूच नका. चांगली पानं आली की लावा, नेहमीपेक्षा थोडे जास्तच लावा, नाहीतर गप्प बसा. फॉन नॉयमन या गणितज्ञानं मॉर्गेनस्टर्नबरोबर १९४४ साली खेळांच्या सिद्धान्तावर मोठा ग्रंथ लिहिला. अचूक पोकरमध्ये थाप हवीच, हे त्यात गणितानं मांडलं आहे. पण ते गणित समोरचाही तोलूनमापून खेळतो असं धरून चालतं. बघ्यापुढे ते लागू होत नाही, तिथे खरेपणाच नफ्याचा.

मला प्रश्न पडतो तो इथे. नफ्यापायी जो खरं बोलतो त्याला सत्यवादी म्हणायचं का?

महाभारताच्या द्रोणपर्वात मुलगा अश्वत्थामा मेल्याची बातमी द्रोणांना आधी भीमानं दिली. द्रोण हलले, पण त्यांनी विश्वास टाकला नाही. ते युधिष्ठिराला विचारायला गेले, कारण त्रैलोक्याचं राज्य मिळालं तरी हा खोटं बोलणार नाही अशी त्यांची खात्री. मेला होता तो त्याच नावाचा हत्ती. युधिष्ठिरानं ‘हत्ती’ हा शब्द तोंडातल्या तोंडात उच्चारला आणि द्रोणांनी शस्त्र खाली ठेवलं. शब्द जवळजवळ तेच होते, पण भीमाच्या तोंडी लागू पडले नाहीत, धर्मराजाच्या तोंडी पडले. भाचा याला ‘इमेज’ म्हणेल: जन्मभर नेकीनं खेळायचं आणि सगळ्यात मोठ्या पॉटवर एकच थाप मारायची. धर्मराजाचा जमिनीच्या चार बोटं वर चालणारा रथ त्या दिवशी खाली टेकला, असं व्यास सांगतात. द्यूतात सर्वस्व गेलं तेव्हा तो टेकला नव्हता, हेही ध्यानात घ्यावं.

गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवान आपल्या विभूती सांगताना, कपट करणाऱ्यांतलं द्यूत मीच आहे, असंही म्हणतात. हे वाचून पुष्कळांना अवघडल्यासारखं होतं. मला त्यात मोकळेपणा दिसतो. पटाशी बसणाऱ्या दोघांनाही ठाऊक असतं की इथे फसवाफसवी आहे, आणि तरी ते बसतात. म्हणून तिथली थाप मला असत्य वाटत नाही. मात्र हे मान्य केलं की दुसरंही मान्य करावं लागतं: बघ्यापुढचा खरेपणा हेही सत्य नव्हे. ती नुसती खेळी. युधिष्ठिराची थाप मात्र वेगळी. द्रोण धनुष्य घेऊन उभे होते हे खरं, पण प्रश्न विचारला तो बापानं. तो पटाशी बसलेला नव्हता.

भाच्यानं एकदा मला अडवायला पाहिलं. म्हणाला, बघ्याला हरण्याचं दुःख नाही, जिंकण्याचा हर्ष नाही, मग तो निष्काम कर्मयोगी झाला की! आमच्या जवळच्या मौजे सुकेण्याला महानुभावांचं मोठं ठाणं आहे, तिथे जाणाऱ्या कुणालाही याचं उत्तर ठाऊक असेल. पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी पूर्वाश्रमी हरिपाळदेव असताना जुगारात हरले आणि पत्नीकडे दागिने मागितले. तिनं नाही म्हटलं आणि त्यांना संसाराचा वीट आला, असं लीळाचरित्र सांगतं. ते पटावरून उठले. बघ्या उठतच नाही, पुढचं पान बघायला थांबतो.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं कायदा केला आणि पैसे लावून खेळायची ॲप बंद पडली. माझ्या बहिणीनं त्या दिवशी सुटकेचा श्वास सोडला. भाचा आता फुकटच्या चिप्सवर खेळतो आणि कुरकुरतो, कारण तिथे जो तो बघ्या. पानं टाकून वाचवायचं काय, तर काहीच नाही. गमावण्याची भीती गेली तशी थापही मेली.

आमच्या लिलावात थाप जिवंत आहे. व्यापारी बोली देतो, शेतकरी म्हणतो, “नाही द्यायचा, माल परत नेतो.” ट्रॅक्टरचं भाडं डोक्यावर असताना तो परत नेणार नाही हे व्यापाऱ्याला माहीत असतं, पण एखादा खरंच नेतो हेही माहीत असतं. दहा-वीस रुपये वाढतात किंवा वाढत नाहीत. दोघंही हसतात. याला मी कधी खोटेपणा म्हटलं नाही.

सौदा ठरला की ट्रॅक्टर भुईकाट्यावर जातो. आधी भरलेला, मग खाली करून रिकामा. दोन वजनांतला फरक माझ्याकडे येतो, मी भाव लावून पट्टी करतो. काही जण मोबाईलवर तीनदा गुणाकार करून बघतात. त्यांच्यापुढे आकडा फिरवायचं कुणाच्या मनातही येणार नाही. काही जण बघतच नाहीत, त्यांच्यापुढे फिरवलेला आकडा शंभरातल्या शंभर वेळा खपेल. माझ्या धर्माचा प्रश्न काय तो याच दुसऱ्या माणसांपुढे आहे. लिलाव संपल्यावर ते खेळातून उठलेले असतात.

गेल्या उन्हाळी कांद्याला भाचा माझ्या हाताखाली पट्ट्या लिहायला बसला होता. एका आजोबांनी पट्टीची घडी घातली आणि न वाचताच खिशात टाकली. त्यानं त्यांना हाक मारली, “बाबा, वजन तरी बघून घ्या.”

“तू बघितलंय ना? मग झालं. ट्रॅक्टरवाला खोळंबलाय माझा.” आणि आजोबा चालू लागले.