धूर कोणाच्या खात्यात?

खोटं बोलणारी माणसं बँकेत रोज भेटतात, त्यांचं काही वाटत नाही. पण २०१५ च्या सप्टेंबरात फोक्सवॅगनच्या डिझेल मोटारी खोटं बोलतात असं उघडकीला आलं, तेव्हा मी बी.कॉम. असूनही विचारात पडलो. तपासणी चालू आहे हे म्हणे गाडीला कळायचं! चाकं फिरताहेत पण स्टिअरिंग हलत नाही, म्हणजे साहेब आलेत, असं ओळखून ती नायट्रोजन ऑक्साइड आवरून धरायची आणि रस्त्यावर आली की मोकळी सोडायची. ऑडिटच्या आठवड्यात आमची शाखाही अशीच वागते, त्यामुळे मला त्या गाडीबद्दल थोडी आपुलकीच वाटली.

आता प्रश्न मालकाचा. त्याला ठाऊक नव्हतं तोवर तो निर्दोष, हे आमच्या सौ.लाही मान्य आहे. पण कळल्यानंतर? खोटी नोट नकळत खिशात येणं हा गुन्हा नव्हे. मात्र ती बँकेत आणलीत तर आम्ही ती शिक्का मारून ठेवून घेतो आणि बदली दमडी देत नाही. म्हणून पुष्कळ सज्जन ती संध्याकाळी अंधुक दिव्याखालच्या भाजीवाल्याकडे खपवतात.

अमेरिकेत ही पंचाईत उरली नाही. २०१६ च्या समझोत्यानुसार सुमारे पावणेपाच लाख गाड्यांच्या मालकांना गाडी कंपनीला परत विकायची मुभा मिळाली. बिंग फुटण्यापूर्वीची किंमत, वर किमान ५,१०० डॉलर. एवढ्या भावात सचोटी कोणालाही परवडेल! आपल्याकडे पुण्याच्या एआरएआयने गाड्या रस्त्यावर तपासल्या. उत्सर्जन मर्यादेच्या १.१ ते २.६ पट निघालं. डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने ३,२३,७०० गाड्या बोलावल्या, पण त्या विकत घ्यायला नव्हे, सॉफ्टवेअर बदलून द्यायला. वर म्हणणं असं, की रस्त्यावरच्या चाचणीला तुमच्या नियमांत मर्यादाच नाही, मग आम्ही मोडलं काय? २०१९ च्या मार्चमध्ये हरित लवादाने ५०० कोटींचा दंड ठोठावला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने सक्तीच्या कारवाईला स्थगिती दिली.

या सगळ्या जमाखर्चात मला एक नोंद सापडत नाही. मालकाला इंजिनाची ताकद मिळाली, ॲव्हरेज मिळालं. मिळाली नाही ती फक्त स्वच्छ हवा, आणि ती त्याच्या नाकासाठी नव्हतीच, मागून चालणाऱ्याच्या नाकासाठी होती. कोपर स्टेशनात वरच्या फलाटावर दिव्याच्या गाडीची वाट पाहणाऱ्या माणसाने मोटार घेतलेली नसते, तेव्हा त्याच्याकडे पावती नसते. पावती नाही, तर परतावा कसला?

आमच्या शेजाऱ्यांकडे एक जुनी डिझेल गाडी आहे, दुसऱ्याच कंपनीची. मी विचारलं, "तुमची त्या यादीत असती, तर नेली असतीत दुरुस्तीला?"

"ॲव्हरेज पडलं तर? आणि पीयूसी आहे की!"

पीयूसीत डिझेलच्या धुराचा काळेपणा तेवढा मोजतात, नायट्रोजन ऑक्साइडची चौकशी कोणी करत नाही. तेव्हा उत्तर कागदोपत्री चोख होतं.

गेल्या रविवारी कल्याणचं गिऱ्हाईक येऊन त्यांनी ती गाडी विकलीही. गिऱ्हाइकाने एसी लावून पाहिला, टायरना लाथा मारल्या, सीटवर उड्या मारल्या.

"धुराचं काही विचारलं का हो त्याने?"

"तो कशाला विचारेल?" शेजारी म्हणाले. "तो आत बसणार!"