गोठ्याबाहेर पडलेले शब्द

लग्नाच्या बायोडेटात गोत्राचा रकाना असतो. तो भरताना गोठा कुणाला आठवत नाही. पण ऋग्वेदात गोत्र म्हणजे गाई कोंडायची जागा. कुळाचा अर्थ मागाहून आला. 'गोष्ट'ही त्याच आवारातली. गोष्ठ म्हणजे गाई उभ्या राहतात ती जागा. त्याचा गोठा झाला. तिथेच माणसंही जमू-बोलू लागली, त्या बैठकीची गोष्ठी झाली आणि मराठीत गोष्ट उरली. गवेषणा म्हणजे मुळात हरवलेली गाय हुडकत हिंडणं. आता तिच्यावर पीएच.डी. मिळते.

'गोप'ची कथा अधिक मजेची. गाईंचा राखणदार तो गोप. या नामावरूनच 'गुप्' हा धातू मागाहून घडला, असं अभ्यासक मानतात. राखण्यातून झाकणं आलं, म्हणून गुप्त आणि गोपनीय. बालसंगोपनातही तोच राखणदार दडला आहे. गोस्वामी, म्हणजे आपला गोसावी, हा आधी गाईंचा धनी. पुढे 'गो' म्हणजे इंद्रियं असा अर्थ लावून त्याला इंद्रियांचा स्वामी केलं. शेणाचा वास घालवण्याची ही पंडिती युक्ती मला नेहमीच गमतीची वाटत आली आहे.

गुराख्याच्या तोंडी मात्र साधी क्रियापदं राहिली: राखणं आणि वळणं. गुरं वळायची, म्हणजे पिकाकडे निघालेल्या म्होरक्या गाईला हाक घालायची. ती फिरली की मागची फिरतात. पोरांना लावतो ते वळणही याच क्रियापदाचं.

आडनावांनी हा वास फारसा लपवला नाही. गवळी आणि गायधनी सरळच बोलतात. खिल्लारे ऐकलं की खिल्लार दिसतं. गायकवाडांच्या घराण्याची आख्यायिका अशी, की पूर्वजाने कवाड उघडून गाईंना किल्ल्यात आसरा दिला. व्युत्पत्ती म्हणून ती तोलायची कशाला? राजघराण्याला आपल्या नावात गाय हवीशी वाटली, हेच मला मोलाचं वाटतं. योगायोग असा, की 1875 साली याच घराण्याच्या बडोद्याच्या गादीवर दत्तक गेलेल्या सयाजीरावांचं मूळ नाव गोपाळराव होतं.

गाईसाठी जीव देणं ही एके काळी प्रतिष्ठेची गोष्ट होती. वीरगळ, म्हणजे वीराच्या स्मरणाचा दगड, पाहावा: कित्येकदा खालच्या चौकटीत गाई आणि आडवा पडलेला वीर, मध्ये लढाई, वर त्याला नेणाऱ्या अप्सरा, माथ्यावर शिवलिंग. देवही या गोठ्याबाहेरचा नव्हता: विठ्ठल मुळात गवळी-धनगरांचा देव, अशी मांडणी संशोधक रा. चिं. ढेरे यांनी 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय'मध्ये केली आहे.

आज 'ढोर' ही शिवी आहे, आणि विदर्भात पिढ्यान्‌पिढ्या गाई राखणाऱ्या गोवारींना स्वतःचं नाव कोर्टात न्यावं लागलं. अनुसूचित जमातींच्या यादीतलं 'गोंड गोवारी' म्हणजे हेच गोवारी की वेगळी जमात, हा वाद. सवलतींच्या मागणीसाठी 23 नोव्हेंबर 1994 ला नागपुरात विधिमंडळावर निघालेल्या मोर्चात चेंगराचेंगरी झाली, 114 गोवारी मेले. 2018 मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला. डिसेंबर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला: गोंड गोवारी निराळे, गोवारी निराळे.