हरकत नाही

आमच्या एसटी स्टँडसमोर रस्त्यात सिमेंटचा दुभाजक घातलाय. त्याचं तुम्ही वाचलं असेल, फोटोही पाहिला असेल. फोटोत नसलेलं मी मंगळवारी पाहिलं. डोक्यावर गाठोडं, हाताशी नातू, पंचाहत्तरीच्या एक आजी सिमेंटच्या भिंतीवर पाय टाकून एसटी स्टँडकडे उतरत होत्या. पलीकडे पोचल्यावर म्हणाल्या, "आमाले कोनी इचारलं का बाप्पा?"

विचारलं होतं, असं दुभाजक घालणाऱ्या खात्याचे साहेब म्हणतात. हरकती-सूचना मागवल्या, एकही आली नाही. निधी, वाहतुकीचा वेग वगैरे मुद्दे बाजूला ठेवू. मला 'एकही आली नाही' हे एकच वाक्य चघळू द्या. हरकती मागवणारी नोटीस लागली त्यांच्या कार्यालयातल्या फलकावर, वरच्या मजल्यावर, आणि तिच्यात 'पादचारी'चं 'पदाचारी' झालेलं. (शुद्धलेखनावर मी बोलणार नव्हतो.) आजींनी पेरणी टाकायची, दुभाजक ओलांडून बस धरायची, जिना चढायचा आणि दुभाजक नको असा अर्ज तीन प्रतींत द्यायचा. त्यांनी दिला नाही, म्हणजे त्यांची हरकत नाही! या न्यायानं विहिरीत पडलेला माणूसही मुदतीत अर्ज न केल्यानं पोहायलाच उतरलेला ठरतो.

पंचाहत्तरीपुढच्यांना 2022पासून एसटी फुकट, बायकांना 2023पासून अर्धं तिकीट. चांगलंच झालं. पण सवलत सुरू होते बसच्या पायरीपासून. तिथवरचे पाय ज्याचे त्याचे. मे 2025मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पदपथ हा जगण्याच्या हक्कातच मोजला. आमच्याकडे पदपथावर पेव्हर ब्लॉक आले आणि ब्लॉकवर मोटारसायकली. (पेव्हर ब्लॉकवरही बोलणार नव्हतो.)

आणि आमचा तर चालणाऱ्यांचा जिल्हा. गजानन महाराजांची पालखी शेगावहून पंढरपूरला पायी जाऊन येते. परतताना खामगाव ते शेगाव माणसांचा पूर लोटतो. पाणी कुठं, सावली कुठं, हे वाटेवरच्या गावांना पाठ असतं. स्टँडसमोरचं कुणाला पाठ असतं? चहावाल्याला, शाळकरी पोरांना, आजींना. साहेबांनी गाडीतून उतरून अर्धा तास तिथं उभं राहावं. लोक कुठून ओलांडतात ते मळलेल्या वाटेवरच दिसतं. आराखडा पायांनी आधीच काढून ठेवलेला असतो.

ज्याचे पाय त्याला आधी विचारावं, एवढंच म्हणणं. ऐकलं तर बरं. नाहीतर दुभाजकात कण्हेर लावणार आहेत म्हणे. आजींना चढताना धरायला काहीतरी होईल.

हरकत नाही.