दयेची दृष्टि

दया हा सद्गुण इतका सर्वमान्य आहे कीं, त्याची उलटतपासणी करण्याचें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. परंतु ज्याला आपण दया म्हणतों तींत दोन अगदीं निराळ्या वृत्ति मिसळलेल्या असतात. दुसऱ्याचें दुःख आपल्याला पाहवत नाहीं, ही एक; आणि दुसऱ्याचें दुःख दूर व्हावें, ही दुसरी. पहिलीचें समाधान नुसती मान फिरवूनहि होतें. दुसरीला मात्र नीट पाहावें लागतें, विचार करावा लागतो, आणि प्रसंगीं हातांत शस्त्र घेणाऱ्याला संमति द्यावी लागते. माणसामाणसांतल्या व्यवहारांत हा भेद लपून राहतो. कारण दुखणाईत माणूस बोलतो, आपल्याला काय हवें तें सांगतो. ज्याला वाचा नाहीं असा जीव पदरीं असला म्हणजे हा भेद उघडा पडतो. कुत्र्याला होणारा काचबिंदु हें त्याचें एक उदाहरण मी येथें घेतों. विषय क्षुल्लक वाटेल, पण त्यांतला प्रश्न क्षुल्लक नाहीं.

डोळ्याच्या पुढच्या भागांत एक निर्मळ पाणी सतत तयार होत असतें, आणि बुबुळाच्या कडेला असलेल्या सूक्ष्म जाळींतून तें निचरून जात असतें. ही वाट बुजली कीं डोळ्यांतला दाब वाढूं लागतो. निरोगी कुत्र्याच्या डोळ्यांत हा दाब पाऱ्याच्या साधारण १० ते २५ मिलिमीटर इतका असतो. रोगाच्या झटक्यांत तो ४०-५० च्याहि वर जातो. डोळा लाल होतो, बुबुळावर निळसर धुरकटपणा येतो, आणि दृष्टीची नस एकदां निकामी झाली म्हणजे ती पुन्हां सुधारत नाहीं. कित्येकदां हें सारें थोड्या दिवसांतच आटोपतें. कॉकर स्पॅनियल, बॅसेट हाउंड, बीगल, सायबेरियन हस्की अशा कित्येक जातींत हा रोग आनुवंशिक आहे. आणि तो एका डोळ्यास झाला म्हणजे कालांतरानें दुसऱ्यावरहि बहुधा येतो. या जाति निसर्गानें नव्हे, माणसानें घडविल्या. लांब कान, मऊ केस, ठराविक चेहरा यांच्या हौसेनें आपण जवळच्या नात्यांत पैदास करीत आलों, आणि त्या हौसेबरोबर रक्तांतला दोषहि पक्का होत गेला. तेव्हां या प्राण्याच्या वेदनेपुढें आपण केवळ दयाळू प्रेक्षक म्हणून उभे नसतों. कांहीं अंशीं ऋणको म्हणून उभे असतों.

बरें, ही वेदना सहज ओळखूं येईल अशीहि नसते. माणसाचा नेहमीचा काचबिंदु बहुधा न दुखतां, चोरपावलांनीं येतो. म्हणून कुत्र्याचाहि तसाच असेल असें आपण धरून चालतों. पण एवढा दाब चढला म्हणजे डोळा ठणकतो. कुत्रें मात्र बहुधा विव्हळत नाहीं. तें अधिक झोपतें, अन्न अर्धें टाकतें, डोक्यावरून हात फिरवूं गेल्यास मान काढून घेतें. घरचीं माणसें म्हणतात, "वय झालें."

आमच्या घरच्या कॉकर स्पॅनियल कुत्रीच्या उजव्या डोळ्याला हा रोग झाला तेव्हां तिला आठवें वर्ष चालू होतें. दिवसांतून तीन वेळां थेंब घालावयाचे असत. त्यांतलें डोर्झोलामाइड हें औषध माझ्या आईच्या औषधांच्या डब्यांत आधींपासूनच होतें, कारण तिलाहि काचबिंदु आहे. तीन आठवडे थेंब चालले, दाब उतरला नाहीं, आणि डोळा काढावा असें डॉक्टरांनीं सुचविलें. घरांत तें कोणालाच रुचेना. देवानें दिलेला अवयव माणसानें कापून टाकावा हें आईला पाप वाटत होतें. मुलांना चेहऱ्यावरची ती पोकळी कल्पनेंतहि सोसवेना. शेवटीं आईनेंच मला विचारलें, "अरे, त्या डोळ्यानें तिला दिसतें का?"

मी म्हटलें, "नाहीं."

"दुखतें का?"

"हो, आई. फार."

"मग तो आतां डोळा कसला? गळूच म्हणायचें तें."

त्याच आठवड्यांत शस्त्रक्रिया झाली.

या दोन प्रश्नांत नीतिशास्त्राचा बराच भाग आलेला आहे. बेंथॅमनें १७८९ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत, प्राण्यांना विचार करतां येतो का, बोलतां येतें का, हे प्रश्न बाजूला सारून, त्यांना दुःख होतें का हाच प्रश्न महत्त्वाचा ठरविला. आई बेंथॅम न वाचतां त्याच जागीं पोंचली. तिच्या प्रश्नांत 'मला कसें वाटतें' याला जागाच नव्हती. जी पोकळी असह्य वाटत होती ती आम्हांला. कुत्री कांहीं आरशांत पाहून झुरत नाहीं. डोळ्याचें बाहेरचें कवच राखून आंत सिलिकोनचा गोळा बसविण्याचीहि सोय आतां आहे. तिनेंहि ठणका थांबतो, म्हणून तींत गैर कांहीं नाहीं. मात्र तें रूप आपण कोणासाठीं राखतों, हें मनाशीं कबूल असावें.

कोणी म्हणेल, आंधळें होऊन जगण्यापेक्षां त्याला कायमचें झोपविणेंच दयेचें नाहीं का? १९२८ सालीं साबरमतीच्या आश्रमांत असाध्य दुखण्यानें तळमळणाऱ्या एका वासराला गांधीजींनीं टोचणी देववून मरण दिलें, आणि त्यावर मोठें वादळ उठलें. अहिंसा ही कृतीच्या बाह्य रूपावरून नव्हे, तर हेतूवरून आणि त्या जीवाच्या हितावरून ठरते, असें त्यांच्या म्हणण्याचें सार होतें. तें मला मान्य आहे. पण म्हणूनच तो दाखला येथें लागू पडत नाहीं. त्या वासराच्या वेदनेला मरणावांचून उपाय उरला नव्हता. येथें वेदनेला उपाय आहे. नाहीं तो अंधत्वाला. आणि अंधत्व आलें कीं जगण्यांत अर्थ उरला नाहीं, ही कल्पना डोळ्यांवर जगणाऱ्या माणसाची आहे. माणसाच्या नाकांत गंध ओळखणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाख धरल्या, तर कुत्र्याच्या नाकांत त्या वीस कोटींच्या घरांत जातात. आमच्या कुत्रीचा दुसरा डोळाहि पुढें चौदा महिन्यांनीं काढावा लागला. तिला आतां घर पाठ आहे. खुर्च्यांची जागा बदलूं नये, पाण्याचें भांडें हलवूं नये, हात लावण्यापूर्वीं हांक मारावी, जिन्याच्या तोंडाशीं आडकाठी असावी, एवढ्या चार गोष्टी घरानें पाळल्या कीं तिचा दिवस सुखाचा जातो. संध्याकाळीं साखळीचा आवाज झाला कीं ती पूर्वीइतक्याच उत्साहानें दाराशीं येऊन उभी राहते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ज्या देशांत कित्येक माणसांना डोळ्यांचे उपचार वेळेवर मिळत नाहींत, तेथें कुत्र्याच्या डोळ्यासाठीं पैसा खर्च करणें ही चैन नव्हे काय? हा प्रश्न हसून टाळतां येणार नाहीं. पण तो चुकीच्या वेळीं विचारला जातो. त्याची खरी वेळ पिल्लूं विकत घेण्यापूर्वींची. उंची जातीचें पिल्लूं दारांत आणणें ही चैन असूं शकेल. तें आणल्यावर त्याचा ठणका थांबविणें ही चैन राहत नाहीं, तें देणें होतें. प्राण्यांच्या छळाला प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या तिसऱ्या कलमानेंहि, प्राणी ज्याच्या ताब्यांत आहे त्याच्यावर त्याच्या स्वास्थ्याची काळजी घेण्याचें व त्याला नाहक वेदना होऊं न देण्याचें कर्तव्य घातलें आहे. कायद्याच्या फार पूर्वीं महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वांत हीच गोष्ट आलेली आहे. कुत्र्याला सोडून रथांत चढ, असें इंद्र सांगतो, तेव्हां युधिष्ठिर त्या कुत्र्याचे गुण गात बसत नाहीं. आश्रयाला आलेल्याला टाकणें त्याला पाप वाटतें, एवढेंच त्याचें उत्तर. तो कुत्रा म्हणजे साक्षात् धर्म, हें त्याला मागाहून कळतें. आपल्या दारचा कुत्रा शेवटपर्यंत कुत्राच राहणार. आणि तरीहि उत्तर तेंच द्यावयाचें आहे.

आतां राहिली एक अडचण, आणि ती मला सर्वांत कठीण वाटते. शस्त्रक्रियेनंतर गळ्याभोंवतीं बांधलेल्या शंकूला ती दोन दिवस धडका देत होती. थेंबांची वेळ झाली कीं पलंगाखालीं जाऊन बसत होती. हें सारें तुझ्यासाठींच चाललें आहे, असें तिला कोणत्या भाषेंत सांगावें? संमतीवांचून दुसऱ्याच्या देहाविषयीं निर्णय करणें हा फार मोठा अधिकार आहे, आणि तो आपल्या सोयीकडे, आपल्या पैशाकडे, आपल्या किळसेकडे केव्हां झुकेल याचा नेम नाहीं. त्याला अंकुश एकच: कमी होत आहे तें दुःख कोणाचें, त्याचें कीं माझें, हें प्रत्येक वेळीं स्वतःला विचारणें. एखाद्या दिवशीं याच प्रश्नाचें उत्तर शस्त्रक्रियेच्या विरुद्ध जाईल. भूल सोसणार नाहीं इतकें थकलेलें, वेदनेवांचून कांहींच न उरलेलें जनावर पुढें असेल, आणि तेव्हां त्या वासराचा दाखला लागू पडेल. त्या दिवशींहि आपल्याला मान फिरवतां येणार नाहीं. मुका जीव आपल्यावर ठपका ठेवीत नाहीं आणि आपले आभारहि मानीत नाहीं. म्हणून त्याच्याशीं असलेला हिशेब आपणच, आणि अधिक काटेकोरपणें, ठेवावयास हवा.