अपरिग्रह आणि दोन वर्षांच्या मुलाचे जाकीट

दोन वर्षांच्या मुलाला हिवाळ्यासाठी किती कपडे पुरेत, या साध्या प्रश्नात अपरिग्रहाचा एक अवघड पेच आहे. स्वतःच्या गरजा कमी करणे हे ज्याचे त्याचे व्रत. पण ज्याला थंडी वाजते असे नीट सांगताही येत नाही, त्याच्या गरजेची मर्यादा दुसऱ्याने कशाच्या आधारे ठरवायची?

वस्त्रांच्या मर्यादेचा विचार बौद्ध भिक्षूंच्या नियमग्रंथात, विनयपिटकातील महावग्गात, फार बारकाईने आला आहे. राजगृहाहून वैशालीकडे जाताना बुद्धांना डोक्यावर, खांद्यावर, कमरेवर चीवरांची, म्हणजे भिक्षूंच्या वस्त्रांची, गाठोडी घेतलेले भिक्षू दिसले. मर्यादा घालणे भाग होते. ती त्यांनी आधी स्वतःच्या अंगावर तपासली. वैशालीच्या गोतमक चैत्यात, माघ-फाल्गुनाच्या संधीवर, हिम पडत असताना ते रात्री उघड्यावर एका चीवरानिशी बसले. रात्रीचा पहिला याम सरताना थंडी वाजली, तेव्हा दुसरे चीवर घेतले. मधला याम सरताना तिसरे, शेवटचा सरताना चौथे. त्यावरून त्रिचीवराचा नियम झाला: वरून पांघरायची दुपदरी संघाटी, अंगावरचे एकपदरी उत्तरासंग आणि कमरेचे एकपदरी अंतरवासक. तीन वस्त्रांत चार पदर. थंडीने लवकर गारठणाऱ्यांचेही एवढ्यात निभेल, असा त्यामागचा हिशेब होता. संख्या शरीराला विचारून ठरली आणि नियम करताना सर्वांत काटक भिक्षू प्रमाण मानला गेला नाही, हे या कथेचे मोठेपण.

जैन परंपरेत वस्त्राचा वाद अधिक तीव्र आहे. दिगंबर मतानुसार मुनीला वस्त्र हाही परिग्रह. श्वेतांबर मतानुसार आसक्ती नसेल तर संयमासाठी वापरलेले वस्त्र परिग्रह ठरत नाही. गृहस्थासाठी परिग्रह-परिमाणाचे अणुव्रत आहे आणि त्यातली मर्यादा तो स्वतः घालून घेतो. मुलाला व्रत घेता येत नाही. त्यामुळे पालकांच्या साधेपणापायी मूल कुडकुडत असेल, तर त्याला अपरिग्रह म्हणता येणार नाही. कपाटात सहा जाकिटे लटकत असतील, तर ती हौसही मुलाची नसते.

मग उरते मुलाचे शरीर. वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचे क्षेत्रफळ मोठ्या माणसापेक्षा जास्त असते, त्यामुळे ते लवकर गारठते. पळापळ केली की तेच घामाघूम होते. पुण्यात जानेवारीत पहाटे पारा ११-१२ अंशांवर असतो, दुपारी ३० च्या आसपास. अशा हवेत एकच जाड कोट सकाळी सुखाचा आणि अकरा वाजता जाचाचा. म्हणून पदर सुटे करता येतील असे जाकीट उत्तम: बाहेर वारा आणि पावसाची सर अडवणारे कापड, आत काढता येणारे लोकरीचे किंवा फ्लीसचे अस्तर. पावसाळी गारव्यात बाहेरचा पदर एकटा चालतो. मराठी घरातली कुंची डोके, कान आणि पाठ एकाच वस्त्राने झाकते, पण चालत्या मुलाच्या हातांना ती पुरत नाही. जाकिटाला टोपी असावी. तिला गळ्याशी नाडी मात्र मुळीच नको, कारण घसरगुंडीवर अशी नाडी अडकून मुले दगावली आहेत. पहिल्या वाढदिवसापासून तिसऱ्यापर्यंत मूल साधारण २० सेंमी वाढते, तेव्हा बाही दुमडण्याइतकी लांब घ्यावी. मानेमागे हात लावून पाहावे: त्वचा गार लागली तर पदर वाढवावा, ओलसर लागली तर काढावा. गोतमक चैत्यातली परीक्षा इथे रोज पालकांच्या हाताने होते.

विनयपिटकातल्याच चुल्लवग्गात कौशांबीचा राजा उदयन बुद्धांचा शिष्य आनंद याला विचारतो, मिळालेल्या ५०० चीवरांचे काय करणार? ज्यांची चीवरे विरली आहेत त्यांना ती वाटू, असे आनंद सांगतो. जुन्या चीवरांच्या चादरी होतील, मग गाद्यांच्या खोळी, पुढे पायपुसणी, फडकी आणि शेवटी चिंध्या चिखलात कालवून जमीन लिंपू. मुलाला आखूड झालेले जाकीट तर विरलेलेही नसते. शिवण भक्कम आणि चेन बदलता येण्याजोगी असेल, तर धाकट्या भावंडाला किंवा शेजारच्या मुलाला ते आणखी दोन हिवाळे पुरते. त्यासाठी चार पैसे जास्त मोजणे अपरिग्रहाला धरूनच आहे.

महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत सुट्या अस्तराचे एक जाकीट, एक स्वेटर आणि एक कानटोपी दोन वर्षांच्या मुलाला पुरेशी आहेत. लेह किंवा मनालीच्या हिवाळ्यात ती पुरणार नाहीत. तिथे आणखी पदर घ्यावेत.