जीवरसायनशास्त्राची पदवी: कोणत्या पगारावर किती कर्ज?

अमेरिकेत जीवरसायनशास्त्राची चार वर्षांची पदवी जीवरसायनशास्त्रज्ञाच्या नोकरीला सहसा पुरत नाही. तेथील कामगार सांख्यिकी विभागाच्या मे 2023 च्या आकडेवारीत जीवरसायनशास्त्रज्ञ आणि जैवभौतिकशास्त्रज्ञ यांच्या वार्षिक वेतनाचा मध्यक 1,07,460 डॉलर आहे. मात्र या पदांची नेहमीची पात्रता पीएचडी आहे. निव्वळ पदवीवर प्रयोगशाळेत काम मिळते ते बहुधा तंत्रज्ञाचे. जैविक तंत्रज्ञांचा मध्यक त्याच वेळी 51,430 डॉलर होता, आणि त्यात जुने, अनुभवी कर्मचारीही मोजलेले असल्याने नव्या पदवीधराने स्वतःसाठी याहून कमीच धरावे. काढलेले कर्ज झेपेल की नाही हे यांपैकी कोणत्या आकड्याशी ताडायचे, यावर सगळा हिशेब ठरतो. माहितीपत्रकात पहिला आकडा अधिक शोभून दिसतो, हे सांगायला नको.

अमेरिकी शिक्षण खात्याने 2015 मध्ये ‘कॉलेज स्कोअरकार्ड’ सुरू केले आणि 2019 पासून त्यात अभ्यासक्रमनिहाय कमाई व कर्ज पाहता येऊ लागले. सोय मोठी आहे, पण रकान्यांत कोण मोजले आहे हे पाहिल्याशिवाय ती उपयोगाची नाही. कमाईच्या आकड्यांत केंद्र सरकारचे अर्थसाहाय्य घेतलेलेच पदवीधर येतात. कर्जाचा मध्यक फक्त कर्जदारांचा असतो; खासगी कर्ज त्यात धरलेले नसते आणि पालकांनी काढलेले सरकारी कर्ज वेगळे दाखवले जाते. शिवाय मोजणीच्या वेळी जे पुढचे शिक्षण घेत असतात त्यांना कमाईतून वगळले जाते. नर्सिंगसारख्या, शिक्षण संपताच नोकरी देणाऱ्या विषयात या वगळण्याने फारसे बिघडत नाही. जीवरसायनशास्त्रात मात्र वैद्यकीय, औषधनिर्माण किंवा पीएचडीकडे जाणाऱ्यांची रांगच असते. त्यामुळे सुरुवातीच्या वर्षांतला आकडा प्रामुख्याने पदवीवर थांबलेल्यांचा असतो.

या आकड्याने विषयावर अन्याय होतो, अशी तक्रार करता येईल आणि ती खोटी नाही. तरीही कर्ज काढणाऱ्याने नेमका हाच आकडा धरावा. अठराव्या वर्षी कर्जाच्या कागदावर सही करताना डॉक्टर होण्याचा बेत पक्का वाटतो. प्रत्यक्षात अमेरिकेतील एमडी अभ्यासक्रमांना अर्ज करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिकांना त्या वर्षी प्रवेश मिळत नाही. बेत फिसकटला तरी हप्ता फिसकटत नाही.

पालकांवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याला केंद्र सरकारकडून पहिल्या वर्षी 5,500, दुसऱ्या वर्षी 6,500 आणि पुढे दरवर्षी 7,500 डॉलरपर्यंत कर्ज मिळते. चार वर्षांत 27,000. साडेसहा टक्के व्याज आणि दहा वर्षांची मुदत धरली तर महिन्याचा हप्ता सुमारे 307 डॉलर होतो, म्हणजे तंत्रज्ञाच्या मध्यक वेतनाच्या, करकपातीपूर्वी, सात टक्के. हे झेपते. खासगी कर्जाची भर पडून रक्कम 60,000 वर गेली, तर त्याच दराने हप्ता 681 डॉलर, वेतनाच्या सोळा टक्के. घरभाडे महाग असलेल्या बॉस्टन किंवा सॅन फ्रान्सिस्कोत, जिथे या क्षेत्रातल्या नोकऱ्या एकवटलेल्या आहेत, तिथे हा फरक फार जाचक ठरतो.

पीएचडीचा हिशेब निराळा. तिथे बहुधा शुल्क माफ असते आणि वर विद्यावेतन मिळते, म्हणून नवे कर्ज सहसा लागत नाही. पण 2024 मध्ये राष्ट्रीय आरोग्य संस्थेचे पीएचडीपूर्व विद्यावेतन वर्षाला 28,224 डॉलर होते (अनेक विद्यापीठे याहून जास्त देतात). तंत्रज्ञाच्या मध्यकाशी तुलना केली तर सहा वर्षांत सुमारे 1 लाख 39 हजार डॉलरची कमाई हुकते, आणि ही रक्कम कर्जाच्या कोणत्याही रकान्यात दिसत नाही. त्यानंतरच्या पोस्टडॉक्टरल कामाचे त्याच संस्थेचे सुरुवातीचे वेतन 61,008 होते. लाखाच्या पुढचा पगार त्यानंतरचा. वैद्यकीय मार्गावर उत्पन्न अधिक असले, तरी कर्ज घेऊन डॉक्टर झालेल्यांच्या देण्याचा मध्यक सुमारे 2 लाख डॉलर आहे.

पुण्यामुंबईहून जाणाऱ्या विद्यार्थ्याला अमेरिकेचे केंद्रीय कर्ज मिळत नाही, त्यामुळे तो स्कोअरकार्डमध्ये मोजलाच जात नाही. मात्र एक निवड त्याच्या हातात असते. एमएस बहुधा स्वतःच्या किंवा कर्जाच्या पैशाने करावी लागते. पीएचडीला विद्यापीठ पैसे देते आणि अनेक विद्यापीठे एमएस न झालेल्यांनाही थेट प्रवेश देतात. संशोधनच करायचे असेल, तर आधी कर्ज काढून एमएस करण्याचे समर्थन अवघड आहे. भारतीय बँकांच्या आदर्श कर्ज योजनेत साडेसात लाखांपुढच्या रकमेला तारण लागते, आणि ते बहुधा आईवडिलांचा फ्लॅट असतो. शिक्षणानंतर तिथे काम करण्याची परवानगी विज्ञान शाखांसाठी एकूण तीन वर्षांची. पुढचा एच-1बी व्हिसा बहुतेकांना सोडतीतून मिळवावा लागतो. परवानगी संपून परतावे लागले, तर डॉलरच्या फीसाठी काढलेले कर्ज रुपयातल्या पगारातून फेडायचे असते. बँकेचा हप्ता बहुधा अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभरातच सुरू होतो.