संध्याकाळी पाच वाजता



कंत्राट पुढे चालू राहील की नाही, ही धास्ती घेऊन आपल्यापैकी अनेकजण रोज सकाळी चर्चगेट लोकल पकडतात. मुले लहान, दूध, औषध, शाळेची फी थांबत नाही. आपण हसत घरात शिरतो आणि रात्रभर जागे राहतो.

मत्तयलिखित शुभवर्तमानातील (20:1-16) मजूर पाच वाजेपर्यंत बाजारात उभे होते. ते आळशी नव्हते. त्यांना कुणी कामावर घेतलेच नव्हते. मळ्याच्या धन्याने त्यांनाही पूर्ण दीनार, म्हणजे दिवसभराची मजुरी दिली. बापाला तासभरच काम मिळाले, म्हणून लेकरांची भूक कमी होते का?

नोकरीवरून माणसाची किंमत ठरत नाही, हे आपण वेदीसमोर मानतो. मग मिस्सानंतर चर्चच्या आवारात ते का विसरतो?

ज्यांची नोकरी डळमळीत आहे, त्यांनी आज घरी जोडीदाराला खरे सांगावे. ओझे दोघांनी उचलावे. इतरांनी आपल्या कानावर आलेली कामाची खबर गरजवंतापर्यंत पोहोचवावी.

तो धनी एका दिवसात पाच वेळा बाजारात गेला. आपण या आठवड्यात निदान एकदा शेजाऱ्याच्या दारी जाऊ या.

आपले धर्मगुरू